डिस्ट्रिक्ट हीटिंग आणि कूलिंगची जाळी कार्बनमुक्त कशी करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातील किंवा वसाहतीतील अनेक इमारतींना एकाच जाळ्यातून उष्णता किंवा गारवा पुरवणाऱ्या व्यवस्थांबद्दल रहिवासी, इमारतींचे व्यवस्थापक आणि नगरपालिकांचे अभियंते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते विषय थोडक्यात सांगितले की हमखास गैरसमज होतो.

डिस्ट्रिक्ट हीटिंग आणि कूलिंग म्हणजे नेमके काय?

एका केंद्रात पाणी तापवायचे किंवा गार करायचे, ते जमिनीखालच्या नळांतून इमारतींपर्यंत पोहोचवायचे, प्रत्येक इमारतीच्या उपकेंद्रात हीट एक्सचेंजरमधून (दोन ठिकाणचे पाणी एकमेकांत न मिसळता उष्णता देवघेव करणाऱ्या उपकरणातून) त्यातील उष्णता काढून घ्यायची किंवा इमारतीतील उष्णता त्यात सोडायची आणि तेच पाणी दुसऱ्या नळाने केंद्राकडे परत न्यायचे, अशी ही बंद चक्राची व्यवस्था असते. अमेरिकेतील लॉकपोर्ट या गावी बर्डसिल हॉली यांनी १८७७ साली वाफेवर चालणारे असे जाळे उभारले. न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली सुरू झालेला वाफेचा पुरवठा आजही मॅनहॅटनमध्ये चालू आहे. वाफेनंतर शंभर अंशांहून अधिक तापलेले, दाबाखालचे पाणी आले, १९७०च्या दशकानंतर कारखान्यातच उष्णतारोधक आवरण चढवलेले नळ आणि शंभर अंशांखालचे पाणी आले, आणि आता ५० ते ७० अंशांवर चालणारी जाळी उभी राहत आहेत. प्रत्येक पिढीत तापमान उतरत गेले आहे, आणि पुढच्या जवळजवळ सर्व उत्तरांचा धागा या उतरत्या तापमानाशीच जोडलेला आहे.

जाळ्यातून मिळणारी उष्णता आधीपासूनच स्वच्छ नसते का?

बहुतेक ठिकाणी नसते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार जगभरातील जाळ्यांना मिळणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे नऊ-दशांश उष्णता कोळसा, वायू आणि तेल यांतून येते. चीन आणि रशिया या दोन देशांत या जाळ्यांचा सर्वांत मोठा विस्तार आहे. वीजनिर्मितीत वाया जाणारी उष्णता घरांना देण्याची सहनिर्मितीची पद्धत तिच्या काळात इंधन वाचवणारी होती, आणि ते श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु वीज सौर आणि पवन ऊर्जेतून मिळू लागते तेव्हा केवळ उष्णतेसाठी कोळशाचे केंद्र चालू ठेवणे भाग पडते, आणि तेथून जुन्या बचतीचा हिशेब उलटा फिरू लागतो.

जाळ्याचा खरा फायदा वेगळाच आहे. केंद्रातील उष्णतेचा स्रोत बदलला की त्याला जोडलेल्या हजारो घरांचा स्रोत एकाच वेळी बदलतो आणि कोणाच्याही घरात तोडफोड करावी लागत नाही.

मग बॉयलर काढून त्याच्या जागी मोठे हीट पंप बसवले की काम झाले का?

नाही. बॉयलरला ९० अंशांचे पाणी देणे आणि ६० अंशांचे पाणी देणे यांत फारसा फरक पडत नाही, कारण ज्योत दोन्हींपेक्षा कितीतरी अधिक तापलेली असते. हीट पंप म्हणजे कमी तापमानाच्या पाण्यातली किंवा हवेतली उष्णता विजेच्या साहाय्याने वरच्या तापमानाला चढवणारे यंत्र; त्याला मात्र प्रत्येक अंशाची किंमत मोजावी लागते. समजा, दहा अंशांच्या नदीच्या पाण्यातून उष्णता घेऊन ती ९० अंशांपर्यंत चढवायची आहे. उष्मागतिकीच्या नियमानुसार एक एकक विजेमागे जास्तीत जास्त साडेचार एकके उष्णता मिळू शकते, आणि प्रत्यक्षातील यंत्र त्याच्या साधारण निम्म्यापर्यंत पोहोचते, म्हणजे सव्वादोन एकके हाती येतात. तीच उष्णता ६० अंशांपर्यंत चढवायची असेल तर कमाल मर्यादा ६.७ होते आणि यंत्राकडून सुमारे ३.३ एकके मिळतात. म्हणजे १०० एकके उष्णतेसाठी पहिल्या पद्धतीत ४४ एकके वीज लागते आणि दुसऱ्या पद्धतीत ३०. विजेची ही सुमारे एक-तृतीयांश बचत यंत्र न बदलता, केवळ तापमान उतरवल्याने होते.

भूगर्भातील कोमट पाणी, सौर संग्राहक, डेटा सेंटरमधील उष्णता, नळांतून होणारी गळती या सर्वांना हाच नियम लागू होतो. म्हणून जे नियोजन केवळ केंद्रातील यंत्रांच्या यादीवर थांबते आणि इमारतींच्या तळघरांपर्यंत जात नाही, ते अपुरे आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

तापमान उतरवण्यात अडचण कोठे येते?

अडचण बहुधा परतीच्या पाण्यात असते. इमारतीकडे ८० अंशांचे पाणी गेले आणि ३० अंशांवर परत आले, तर प्रत्येक घनमीटर पाण्याने सुमारे ५८ किलोवॅट-तास उष्णता दिलेली असते. तेच पाणी ५५ अंशांवर परत आले तर केवळ २९. तेवढीच उष्णता पोहोचवण्यासाठी आता दुप्पट पाणी ढकलावे लागते, त्यामुळे पंपांची वीज दुपटीहून कितीतरी जास्त वाढते, नळ अपुरे पडतात आणि जाळ्याच्या टोकावरील घरांपर्यंत उष्णता पोहोचावी म्हणून केंद्राला पुरवठ्याचे तापमान आणखी चढवावे लागते.

एखाद्या उपकेंद्रात उतरून पाहिले तर कारण बहुधा साधेच निघते. कधी काळी दुरुस्तीच्या वेळी उघडलेला बायपास व्हॉल्व्ह कोणीच बंद केलेला नसतो, आणि त्यातून गरम पाणी इमारतीत न शिरता थेट परतीच्या नळात जात राहते. कोठे हीट एक्सचेंजरच्या पत्र्यांवर क्षार साचलेले असतात. कोठे तापमानाचा संवेदक नळापासून सुटून हवेत लोंबकळत असतो, त्यामुळे नियंत्रकाला पाणी सदैव गारच वाटते आणि तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवतो. कोठे पहिल्या मजल्यावरील रेडिएटरमधून (आत गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या उपकरणातून) पाणी जोराने वाहते आणि वरच्या मजल्यावर ते पोहोचतच नाही, म्हणून तक्रार आली की संपूर्ण इमारतीचे तापमान वाढवले जाते. यांपैकी बहुतेक दोष रहिवाशाला जाणवत नाहीत, कारण घर उबदारच असते. ते दिसतात मीटरच्या नोंदींत. दर तासाचा प्रवाह आणि दोन्ही नळांचे तापमान नोंदवणारे मीटर बसवले की सर्वाधिक बिघाड असलेली उपकेंद्रे आधी हाती घेता येतात, आणि थोड्या इमारती दुरुस्त केल्याने संपूर्ण जाळ्याच्या परतीचे तापमान लक्षणीय उतरू शकते. डेन्मार्कमधील अनेक पुरवठादार परतीचे पाणी गार पाठवणाऱ्या ग्राहकाला दरात सवलत देतात आणि गरम पाठवणाऱ्याकडून अधिक आकार घेतात. ही पद्धत आम्हाला न्याय्य वाटते, मात्र बिघाड शोधून देण्याची जबाबदारी पुरवठादारानेही उचलली पाहिजे.

पाण्याचे तापमान इतके उतरवले तर आंघोळीच्या पाण्यात जंतू वाढणार नाहीत का?

प्रश्न रास्त आहे. लेजिओनेला हा जीवाणू साधारण २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात झपाट्याने वाढतो, म्हणून साठवणीच्या टाकीतील पाणी ६० अंशांवर ठेवण्याचा दंडक आहे. कमी तापमानाच्या जाळ्यात यावरचा उपाय म्हणजे गरम पाणी साठवायचेच नाही. प्रत्येक घरात छोटा हीट एक्सचेंजर बसवून नळ उघडल्यावर त्या क्षणी पाणी तापवायचे. मोठ्या टाक्या असलेल्या जुन्या इमारतींत टाकीपुरता वेगळा लहान हीट पंप लावून तेवढेच तापमान वर नेता येते. आरोग्याच्या नियमांत कोणतीही सूट न देता हे साधता येते, आणि साधलेच पाहिजे.

जुन्या इमारतींचे रेडिएटर कमी तापमानावर पुरेशी ऊब देतात का?

अनेकदा देतात. जुने रेडिएटर ज्या थंडीसाठी मोजून बसवले होते ती थंडी वर्षातून मोजके दिवसच पडते, आणि त्यानंतर खिडक्या बदलल्या असतील किंवा भिंतींना आवरण चढवले असेल तर ते रेडिएटर आता गरजेपेक्षा मोठे ठरतात. एखाद्या खोलीत कमतरता भासली तर तेवढा एक रेडिएटर बदलावा.

कोळसा आणि वायू सोडून एवढी उष्णता आणायची कोठून?

या प्रश्नाचे एकच उत्तर कोणत्याही शहराला लागू पडत नाही, आणि तसे उत्तर विकणाऱ्यांपासून सावध राहावे. नियोजनाची सुरुवात शहराच्या नकाशावर उष्णतेचे स्रोत मांडण्यापासून होते, आणि नकाशा नीट मांडला की डोळ्यांसमोर असूनही मोजले न गेलेले स्रोत दिसू लागतात.

सांडपाणी हा त्यातील सर्वांत दुर्लक्षित स्रोत आहे. घराघरांतून वाहून जाणारे पाणी हिवाळ्यातही नदीपेक्षा उबदार असते, ते रोज येते आणि शहर असेपर्यंत येत राहणार असते. हेलसिंकीतील काट्री वाला उद्यानाखालच्या खडकात २००६ साली सुरू झालेले केंद्र शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून उष्णता घेते, आणि तेथील हीट पंप घरांसाठी ऊब आणि कार्यालयांसाठी गारवा दोन्ही पुरवतात. याच शहराने २०२५ साली कोळशावर चालणारे आपले शेवटचे केंद्र बंद केले.

समुद्रही चालतो. स्टॉकहोममधील रॉप्स्टेन येथे १९८०च्या दशकापासून समुद्राच्या पाण्यावर प्रचंड हीट पंप चालत आले आहेत, त्यामुळे मोठ्या हीट पंपांना प्रायोगिक तंत्रज्ञान म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. डेन्मार्कमधील एस्बियर्ग येथे कोळशाच्या केंद्राची जागा घेणाऱ्या योजनेत वाडन समुद्राच्या पाण्यातून उष्णता काढणारे सुमारे ७० मेगावॅट क्षमतेचे हीट पंप बसवले गेले. हा किनारा जागतिक वारसा क्षेत्रात मोडतो, आणि तेथे रेफ्रिजरंट (हीट पंपाच्या आत फिरून उष्णता वाहून नेणारा पदार्थ) म्हणून कार्बन डायऑक्साइड वापरला जातो, जो विषारीही नाही आणि ज्वलनशीलही नाही.

जेथे जमिनीखाली गरम पाणी आहे तेथे तर काम आणखी सोपे होते. रेक्याविकमध्ये १९३० साली गरम झऱ्यांचे पाणी नळाने आणून काही इमारती उबदार करण्यास सुरुवात झाली, आणि आज आइसलँडमधील सुमारे ९० टक्के घरे भूऔष्णिक उष्णतेवर आहेत. नेदरलँड्समधील हेर्लेन येथे बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींत साचलेले पाणी २००८ पासून जाळ्याचा स्रोत झाले आहे. ज्या खाणींनी एकेकाळी कोळसा दिला, त्यांतील पाणी आता कोळशाची गरज कमी करते. डेन्मार्कमधील ओडेन्से येथे फेसबुकच्या डेटा सेंटरमधील वाया जाणारी उष्णता हीट पंपांद्वारे शहराच्या जाळ्यात घेतली जाते. अशा औद्योगिक उष्णतेबाबत एक इशारा द्यायला हवा: कारखाना किंवा डेटा सेंटर उद्या स्थलांतरित होऊ शकते, म्हणून करारात पर्यायी स्रोताची तरतूद आधीच असावी.

लाकूड किंवा कचरा जाळणे हा स्वच्छ पर्याय आहे का?

मर्यादित अर्थाने आहे. लाकूड जाळल्यावर निघालेला कार्बन झाडे पुन्हा शोषून घेतात हे खरे, पण त्याला किती वर्षे लागतात हे लाकूड कोठून आले यावर अवलंबून असते. करवतीच्या गिरणीतील भुसा आणि जाळण्यासाठीच तोडलेले सरळसोट झाड यांना हिशेबात एकच मानणे चूक आहे. शिवाय एका शहराने लाकडावर विसंबणे जमते, सर्व शहरांनी एकाच वेळी विसंबणे जमत नाही. कचऱ्यातील प्लास्टिक तर तेलापासूनच बनलेले असते, त्यामुळे कचरा जाळून मिळणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा जीवाश्म इंधनाचाच असतो. आणि भट्टी बांधून झाली की ती भरण्यासाठी कचरा कमी होऊ नये असे हितसंबंध तयार होतात. स्टॉकहोममध्ये जैवइंधनाच्या केंद्रातून दरवर्षी सुमारे ८ लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली साठवण्याच्या प्रकल्पाचा निर्णय २०२५ साली झाला. तो यशस्वी झाला तरी लाकूड कोठून येते हा प्रश्न कायम राहील.

आणि हायड्रोजन?

घरे उबदार ठेवण्यासाठी हायड्रोजन जाळणे हा विजेचा अपव्यय आहे. एक एकक वीज वापरून हायड्रोजन बनवला आणि तो बॉयलरमध्ये जाळला तर सुमारे ०.६ एकक उष्णता हाती येते; तीच वीज हीट पंपाला दिली तर तीन एककांच्या आसपास. हायड्रोजन बनवणाऱ्या यंत्रांतून वाया जाणारी उष्णता मात्र जाळ्याने जरूर घ्यावी.

आपल्याकडची वीजच कोळशावर तयार होत असेल तर हीट पंपांचा काय उपयोग?

हिशेब मांडून पाहावा. वायू जाळल्यावर प्रत्येक किलोवॅट-तासामागे सुमारे २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो आणि कोळसा जाळल्यावर सुमारे ३४०; बॉयलरमधील घट धरली की हे आकडे आणखी वाढतात. एक एकक विजेमागे तीन एकके उष्णता देणारा हीट पंप किलोवॅट-तासामागे ६०० ग्रॅम सोडणाऱ्या विजेवर चालला तर त्याच्या उष्णतेवर २०० ग्रॅम पडतात. म्हणजे इतक्या मळक्या विजेवरही तो कोळशाच्या बॉयलरपेक्षा बराच सरस आणि वायूच्या बॉयलरच्या साधारण बरोबरीचा ठरतो, आणि वीज जसजशी स्वच्छ होते तसतसा काहीही न बदलता तोही स्वच्छ होत जातो. उलट, हीट पंपाऐवजी साध्या विद्युत बॉयलरवर ती वीज वापरली तर पूर्ण ६०० ग्रॅम पडतात. म्हणून विद्युत बॉयलर अतिरिक्त पवन किंवा सौर विजेच्या तासांपुरता आणि आणीबाणीपुरता राखून ठेवावा.

उन्हाळ्यातील उष्णता हिवाळ्यापर्यंत टिकवता येते का?

येते, आणि यात आकारमान आपल्या बाजूने काम करते. साठवण जितकी मोठी तितका तिचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने लहान, त्यामुळे उष्णतेची गळती त्या प्रमाणात कमी. डेन्मार्कमधील वोयेन्स येथे सुमारे २ लाख घनमीटरचा खड्डा खोदून, त्याला प्लास्टिकचे अस्तर लावून आणि वर तरंगते उष्णतारोधक झाकण घालून सौर संग्राहकांनी तापवलेले पाणी साठवले जाते. पाण्याच्या तापमानात ६० अंशांचा चढउतार धरला तर एवढ्या पाण्यात सुमारे १४ गिगावॅट-तास उष्णता मावते. इतकी ऊर्जा बॅटरीत साठवण्याचा खर्च कोणत्याही शहराला परवडणारा नाही. अडचणीही आहेत: अशा खड्ड्याला शहराजवळ मोकळी जमीन लागते, भूजल उंच असेल तर ते उष्णता पळवते, आणि अस्तर व झाकण यांची देखभाल सतत करावी लागते. काही तासांच्या साठवणीसाठी पोलादी टाकी पुरते, आणि प्रत्येक जाळ्याला ती असावीच, कारण तिच्यामुळे वीज स्वस्त आणि स्वच्छ असलेल्या तासांत हीट पंप चालवता येतात.

कूलिंगच्या जाळ्यांचे काय?

कूलिंगमध्ये हाच नियम उलट दिशेने लागू होतो. गार पाणी साधारण ५ ते ७ अंशांवर निघते आणि ते जितके उबदार होऊन परतेल तितके त्याने काम केलेले असते. ते १५ अंशांऐवजी ९ अंशांवर परत आले तर पंप आणि चिलर (पाणी गार करणारी यंत्रे) फिरत राहतात, वीज जळते, पण गारवा पोहोचत नाही. मोठ्या संकुलांतील कूलिंग जाळ्यांचा हा सर्वांत जुना रोग आहे, आणि त्याचे मूळ येथेही इमारतींमधील उघड्या व्हॉल्व्हमध्ये आणि मळलेल्या कॉइलमध्येच सापडते.

निसर्गातील थंड पाणी मिळत असेल तर चिलरचे काम बरेच हलके होते. टोरोंटोमध्ये २००४ पासून ओंटारिओ सरोवरातील ८३ मीटर खोलीवरचे, सुमारे ४ अंशांचे पाणी आणले जाते. ते हीट एक्सचेंजरमधून जाताना शहरातील कार्यालयांची उष्णता घेते आणि नंतर पिण्याच्या पाण्याच्या व्यवस्थेत जाते, म्हणजे शहराला नाहीतरी उपसायचेच असलेले पाणी आधी गारवा देऊन जाते. पॅरिसमध्ये १९९१ साली सुरू झालेले जाळे सेन नदीचा उपयोग करते आणि लूव्र संग्रहालयालाही गारवा पुरवते. उन्हाळ्यात नदी स्वतःच तापते तेव्हा हा आधार कमी पडतो आणि नदीत सोडलेली उष्णता माशांना बाधते, हे नियोजनात धरायला हवे.

उष्ण प्रदेशांत अशी थंड पाण्याची सोय नसते. तेथे जाळ्याचा लाभ मोठ्या चिलरच्या कार्यक्षमतेतून, रात्री गार पाणी किंवा बर्फ साठवण्यातून आणि निरनिराळ्या इमारतींची गरज एकाच तासाला शिखर न गाठण्यातून मिळतो. रेफ्रिजरंटची गळती हा तेथील मोठा प्रश्न आहे: आर-१३४ए हा प्रचलित वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत शंभर वर्षांच्या हिशेबाने हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. अमोनियाचा असा परिणाम नाही, पण तो विषारी असल्याने यंत्रघर वस्तीपासून वेगळे, हवेशीर आणि प्रशिक्षित माणसांच्या हाती असावे लागते. एका केंद्रातील गळती शोधणे हजारो खिडक्यांमधील यंत्रांची गळती शोधण्यापेक्षा सोपे आहे, हाही जाळ्याचा एक फायदाच आहे.

एकाच जाळ्यातून गारवा आणि उष्णता दोन्ही देता येतात का?

होय. नळांतील पाणी साधारण १० ते २५ अंशांवर ठेवायचे आणि प्रत्येक इमारतीतील हीट पंपाने त्यातून उष्णता घ्यायची किंवा त्यात टाकायची, अशी रचना केली की एका इमारतीने बाहेर टाकलेली उष्णता दुसरीच्या उपयोगी पडते. रुग्णालय, थंडगार गोदाम, दुकाने आणि घरे यांची सरमिसळ असलेल्या भागात हे उत्तम चालते. जेथे सर्वांनाच एकाच वेळी ऊब हवी किंवा एकाच वेळी गारवा हवा, तेथे देवाणघेवाण होत नाही आणि प्रत्येक इमारतीत यंत्र बसवण्याचा खर्च मात्र पडतो.

प्रत्येक घरात स्वतंत्र हीट पंप बसवणे अधिक सोयीचे नाही का?

विरळ वस्तीत तेच योग्य आहे. जाळ्याचा नळ जेवढा लांब तेवढी उष्णता वाटेत जाते. दाट शहरात ही घट दहा टक्क्यांच्या आसपास राहू शकते, पण सुट्या घरांच्या वस्तीत ती २० ते ३० टक्क्यांवर जाते. उंच इमारती, अरुंद गल्ल्या आणि जवळपास उष्णतेचा मोठा स्रोत असेल तेथे जाळे सरस ठरते.

एकच पुरवठादार असताना दर मनमानी वाढणार नाहीत याची हमी काय?

हमी कायद्यानेच द्यावी लागते, कारण घराला दुसऱ्या पुरवठादाराचा नळ असत नाही. डेन्मार्कने १९७३च्या तेलसंकटानंतर, १९७९ साली उष्णता पुरवठ्याचा कायदा केला, आणि तेथील पुरवठा नफ्यासाठी नव्हे तर प्रत्यक्ष खर्चाच्या आधारे दर लावून चालतो. बरीच जाळी ग्राहकांच्या सहकारी संस्थांच्या किंवा नगरपालिकांच्या मालकीची आहेत. कोपनहेगनमधील जवळजवळ सर्व घरे जाळ्याला जोडली गेली आहेत, त्यात या विश्वासाचाही वाटा आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या ऊर्जा कार्यक्षमता निर्देशानुसार २०५० पासून केवळ नवीकरणीय किंवा वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारे जाळेच कार्यक्षम मानले जाईल. ही मुदत लांबची वाटते, पण आज बसवलेला नळ तेव्हाही वापरातच असेल.

इमारतीचा व्यवस्थापक म्हणून आम्ही सुरुवात कशी करावी?

पुरवठादाराकडून आपल्या उपकेंद्राच्या मागील हिवाळ्यातील तासागणिक नोंदी मागवाव्यात आणि पुरवठ्याचे व परतीचे तापमान शेजारी ठेवून पाहावे. दोहोंतील फरक ३० अंशांहून कमी राहत असेल तर बायपास व्हॉल्व्ह, संवेदकांची जागा आणि हीट एक्सचेंजरची स्वच्छता या क्रमाने तपासणी करून घ्यावी, त्यानंतर मजल्यामजल्यांवरील रेडिएटरचा प्रवाह संतुलित करावा. मग उपकेंद्रातून इमारतीत जाणाऱ्या पाण्याचे तापमान एका वेळी दोन-तीन अंशांनी उतरवत जावे, प्रत्येक पायरीवर थंडीचा एक आठवडा जाऊ द्यावा, आणि तक्रार आली तर संपूर्ण इमारतीचे तापमान चढवण्याऐवजी त्या घरातील रेडिएटर तपासावा. झालेले बदल तारखेसह उपकेंद्राच्या दारावर लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या दुरुस्तीसाठी येणाऱ्या तंत्रज्ञाला कोणता व्हॉल्व्ह कोणी आणि का बंद केला हे समजेल.